एरर रॅकवरची दोन वर्षं

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) झाल्यावर पुण्यातल्या एका मोठ्या लॅबमध्ये लागलो, तेव्हा वाटलं होतं की आता ॲनालायझरवर बसायचं आणि रिपोर्ट काढायचे. बसवलं ॲक्सेशनला, म्हणजे आलेले सँपल नोंदवून वाटायच्या कामाला, तेही रात्रपाळीत. दहा वाजल्यापासून बाहेरगावच्या कलेक्शन सेंटरचे थर्माकोलचे डबे यायचे. चौघं मिळून आम्ही झाकणाच्या रंगावरून ट्यूबा वेगळ्या करायचो. जांभळी हिमॅटॉलॉजीला, फिकी निळी कोॲग्युलेशनला (रक्त गोठण्याच्या तपासण्या), करडी शुगरला, लाल-पिवळी सेंट्रिफ्यूजकडे, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातलं सीरम वेगळं करणाऱ्या मशीनकडे. रात्री दोननंतर हात चालत राहतात, डोकं थांबतं. एक जांभळी ट्यूब पिवळ्यांच्या रॅकमधून सेंट्रिफ्यूजमध्ये गेली की सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) खोळंबा झालाच म्हणून समजा.

सहा महिन्यांनी सॉर्टर आला, म्हणजे ट्यूबा आपोआप वेगळ्या करणारं मशीन. आता चौघांपैकी तिघं घरी, अशी कुजबुज सुरू झाली. घरी कुणी गेलं नाही, पण काम मात्र पार बदललं. नवीन मुलांना ते बदललेलं काम कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सॉर्टरची कल्पना काही कालची नाही. जपानमधल्या कोची मेडिकल स्कूलमध्ये (आपलं केरळचं कोची नव्हे) डॉ. मासाहिदे सासाकी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पट्ट्यांवरून सँपल फिरवणारी लॅब उभी केली होती. आमचं मशीन त्या मानाने साधं. ग्रिपर ट्यूब उचलतो, ती गोल फिरवून बारकोड वाचतो, कॅमेरा झाकणाचा रंग आणि ट्यूबची उंची बघतो, मग मशीन एलआयएसला (लॅबच्या कॉम्प्युटर सिस्टीमला) विचारतं, ‘या नंबरवर कुठल्या टेस्ट आहेत?’ उत्तर आलं की ट्यूब त्या त्या रॅकमध्ये जाते. नंबर वाचता आला नाही, ऑर्डर सापडली नाही किंवा झाकणाचा रंग टेस्टशी जुळला नाही, तर ट्यूब जाते एरर रॅकमध्ये.

पहिल्या रात्री एरर रॅक तीनदा भरला. बिघाड मशीनमध्ये नव्हता, लेबलांत होता. कुणी लेबल तिरकं लावलेलं, कुणी ट्यूबभोवती गोल गुंडाळलेलं, कुणी जुन्यावर नवं असं चिकटवलेलं की खालच्या बारकोडचं टोक बाहेर डोकावतंय. आमच्याकडचे मामा वीस वर्षं लॅबमध्ये आहेत. त्यांनी मला एका वाक्यात शिकवलं: ट्यूब उभी धरली की बारकोडमध्ये शिडीच्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत, खिडकीचे गज नाही. गज दिसत असतील तर रेघा ट्यूबच्या गोलाईवरून पलीकडे वळतात आणि स्कॅनरला पूर्ण दिसत नाहीत. बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा हवी आणि सीरम दिसायला ट्यूबची एक बाजू उघडी हवी. प्रिंटरच्या हेडवर कचरा बसला की लेबलावर पांढरी रेघ उमटते, तेही रोज बघायचं. आमचा बारकोड ‘कोड १२८’ प्रकारचा होता. त्यात तपासणीचा अंक असतो, त्यामुळे खराब लेबलावर मशीन शक्यतो भलता नंबर वाचत नाही, ‘नो रीड’ म्हणून मोकळं होतं. हे मला सगळ्यात आवडतं. माणूस अशा वेळी अंदाज बांधतो.

पण मशीनला रक्तातलं काही कळत नाही. एका पहाटे केमिस्ट्रीतून फोन आला, पोटॅशियम १२च्या वर, कॅल्शियम ४च्या खाली. असा पेशंट चालत येऊन रक्त देऊन जाणं शक्यच नव्हतं. ट्यूब पिवळी, लेबल सरळ, सॉर्टरने बरोबर जागी पाठवलेली. चौकशी केल्यावर कळलं, पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून सेंटरवर जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅमेऱ्याला दिसलं पिवळं झाकण. त्याचं काय चुकलं? निळ्या ट्यूबचंही तसंच. तिच्यात एक भाग सायट्रेटला (हेही रक्त गोठू न देणारं) नऊ भाग रक्त लागतं. अर्धीच भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटाच लांबतो, आणि आमच्या सॉर्टरला ट्यूब किती भरली आहे ते कळत नसे.

म्हणून सांगतो, नवीन असाल तर एरर रॅकची ड्युटी मागून घ्या. बाकीचे ती टाळतात, त्यामुळे लगेच मिळते. प्रत्येक ट्यूब का अडकली ते वहीत लिहा, सेंटरप्रमाणे. महिनाभरात मला दिसलं की निम्म्याहून जास्त ‘नो रीड’ तीनच सेंटरवरून येतात. सरांनी मला तिथे पाठवलं. एका ठिकाणी प्रिंटरच मोडकळीला आला होता, दुसरीकडे लेबलाचा रोल भलत्याच आकाराचा. हे काम माझ्या बायोडेटात पदविकेपेक्षा जास्त चाललं.

दुसरं, एलआयएसमधले सॉर्टिंगचे नियम कोण लिहितो ते शोधा आणि त्याच्या शेजारी बसा. एकाच जांभळ्या ट्यूबवर सीबीसी आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) दोन्ही असतील तर आधी कुठे पाठवायची? आम्ही सीबीसी आधी ठेवली, कारण वेळ गेला की पेशी बदलत जातात, एचबीए१सी थोडं थांबू शकतं. असे पंचवीस-तीस नियम असतात. ते मशीनच्या कंपनीचा माणूस लिहून देत नाही, लॅबलाच ठरवावे लागतात. कोडिंग यायला हवं असं नाही. एक्सेल मात्र यायलाच हवं.

पगाराचं खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं फरक पडत नाही. तिसऱ्या वर्षी मला ऑटोमेशनचं काम मिळालं, आणि रात्रपाळी सुटली.

आता मीही इंटरव्ह्यूला बसतो. ऑर्डर ऑफ ड्रॉ, म्हणजे कुठल्या रंगाच्या ट्यूबमध्ये आधी रक्त घ्यायचं तो क्रम, सगळ्यांना पाठ असतो. मग मी एक ट्यूब आणि एक लेबल पुढे ठेवतो आणि म्हणतो, लावून दाखवा. बरेच जण गोल गुंडाळतात.