जुन्या गोठ्यात लोहारसाळ मांडताना आधी घणाची जागा ठरवा

बैल गेले, ट्रॅक्टर आले आणि दगड-मातीचे गोठे रिकामे पडले. आमच्या बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या पट्ट्यात वस्तीवस्तीला असा एक तरी गोठा आहे. लोहारकामाला याच्याइतकी सोयीची जागा नाही. भिंत हात-दीड हात जाड असते, ती पेट घेत नाही, घणाचा आवाज बाहेर कमी जातो आणि जागा गावठाणापासून थोडी लांब असते.

मी आमच्या साळेत घण मारते. मालक, म्हणजे माझे यजमान, सांडशीनं लोखंड धरतात, लहान हातोडीनं जागा दाखवतात आणि मी तिथं घण टाकते. आमच्याकडच्या लोहार-घिसाड्यांच्या घरांत बाईनं घण मारणं नवं नाही. पण साळ कशी मांडायची हे सांगणारा बहुतेक वेळा सांडशीवाला असतो. तो आधी भट्टी मांडतो, मग ऐरण, आणि घणवाल्याला उरलेल्या जागेत उभं करतो. मी उलटं सांगते. घण कुठून उठणार आणि कुठं पडणार हे पहिल्यांदा ठरवा, बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा. सुरुवातीला एकटे काम करणार असलात तरी हेच करा. आज खुरपी कराल, उद्या कुणीतरी पहार घेऊन दारात येईल, आणि पहारीचं टोक एका हाताच्या हातोडीनं ओढता ओढता जीव जातो.

गोठा बघताना पहिली नजर वर टाका. छपरात पाचट, तुराट्या किंवा पऱ्हाट्या असतील तर त्या सगळ्या काढून पत्रा टाका, यात तडजोड नको. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर तुळईखाली उभं राहून रिकामा घण सावकाश डोक्यावर न्या. घणाचा दांडा अडीच-तीन फुटांचा असतो, त्यामुळे तुळईखाली नऊ फूट तरी मोकळे हवेत. बरीच माळवदं एवढी उंच नसतात. मग जमीन खाली घ्यायची किंवा माळवद उतरवून पत्रा चढवायचा. पत्र्याच्या उताराचा फायदा घ्या. उंच बाजूला ऐरण ठेवा, सखल बाजूला कोळसा आणि भंगार.

दुसरी नजर बाहेर. कडब्याची गंजी किंवा सरमाड गोठ्याला टेकून रचलेलं असतं. ते पन्नास-साठ फूट लांब हलवा. धुराड्यातून उडालेली ठिणगी वाऱ्यावर बरीच लांब जाते आणि उन्हाळ्यात कडबा पेटायला एक ठिणगी पुरते.

आता जमीन. गोठ्याच्या जमिनीत वर्षानुवर्षं मूत आणि शेण मुरलेलं असतं. तो खार ओल धरून ठेवतो आणि त्या जमिनीवर ठेवलेली हत्यारं गंजतात. वरची अर्धा-पाऊण फूट माती खणून काढा आणि शेतात टाका, तिच्यासारखं खत नाही. त्या जागी मुरूम भरा, वर पांढरी माती घाला, पाणी मारून धुमसानं, म्हणजे जमीन चोपायच्या ठोकळ्यानं, चोपा. सिमेंटचा कोबा भट्टीजवळ नकोच. लाल लोखंड त्यावर पडलं की आतल्या ओलीची वाफ होते आणि कपच्या उडतात. शहाबादी फरशीवर लोखंडाचे पापुद्रे पडले की पाय घसरतो, आणि घण उचललेला असताना पाय घसरणं मला तरी परवडत नाही. सारवायची सवय असेल तर भट्टीच्या बाजूला सारवू नका, वाळलेलं शेण धुमसत राहतं.

गव्हाण आणि डोण पाडू नका. दगडी गव्हाण कोळसा ठेवायला आयती आहे, उंची हाताला येते आणि कोळसा पायात येत नाही. जनावरांची पाण्याची डोण तापलेलं लोखंड विझवायला तशीच वापरता येते. खुंटे मात्र सगळे उपटा आणि खड्डे भरून घ्या.

घण, ऐरण आणि भट्टी

गोठ्याच्या मोकळ्या भागात खडूनं एक गोल काढा. तिथं ऐरण येणार. गोलाच्या एका बाजूला सांडशीवाला आणि त्याच्या समोर, जरा तिरका, घणवाला. दोघं अगदी नाकासमोर नकोत. दांड्यातून घण निसटला तर तो सरळ रेषेत जातो, त्या रेषेत माणूस नसावा. घणवाल्याच्या मागं सहा-सात फूट पूर्ण रिकामे ठेवा. तिथं खुंटी नको, सायकल नको, खेळणारं पोर तर नकोच. त्याची पाठ दाराकडे नसावी, कारण गिऱ्हाईक न बोलता आत शिरतं. तोंडावर सकाळचं ऊनही नसावं. आमचं दार पूर्वेला आहे, म्हणून मी उत्तरेकडे तोंड करून उभी राहते.

ऐरणीपासून भट्टी दीड पावलावर हवी. सांडशीवाल्याला एका पायावर वळून लोखंड ऐरणीवर टेकवता आलं पाहिजे. विळ्याची पातळ पट्टी आगीबाहेर काढली की मोजक्या घावांतच काळी पडायला लागते, चालण्यात वेळ गेला तर ठोकण्यात काय उरणार? पाण्याची डोण सांडशीवाल्याच्या हाताला, पण माझ्या पावलांच्या बाहेर. तिच्याभोवती कायम ओल असते.

ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर बसवा. ओंडक्याच्या शिरा उभ्या ठेवा, दोन-अडीच फूट जमिनीत गाडा आणि भोवती मुरूम ठोकून भरा. वर निघालेलं डोकं फाटू नये म्हणून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचा, म्हणजे लोखंडी पट्टीचा, तुकडा गरम करून त्यावर चढवा, चाकावर चढवतात तसाच. उंची ठरवताना ताठ उभं राहून हात सोडा आणि मूठ वळा. एकट्यानं हातोडी चालवणाऱ्याची ऐरण त्या बोटांच्या गाठींना लागावी. घणाचं काम जास्त असेल तर चार-पाच बोटं खाली घ्या. घण ऐरणीवर आडवा, सपाट पडला पाहिजे. ऐरण उंच असेल तर घणाची कड लागते, लोखंडावर चंद्रकोरी उमटतात आणि संध्याकाळी खांदा बोलतो. आमच्या आबांची, म्हणजे सासऱ्यांची, ऐरण जमिनीलगत होती. ते बसून काम करायचे आणि सासूबाई उभ्यानं घण मारायच्या. घणवालीला ती मांडणी चांगलीच होती. गुडघे साथ देत असतील तर आजही वाईट नाही.

ऐरण विकत घेताना तिच्यावर बेअरिंगची गोळी हातभर वरून सोडा. निम्म्याहून बरीच वर उसळली तर तोंड कडक आहे. बद्द आवाज करून तिथंच बसली तर बिडाची आहे, सोडून द्या. पन्नास किलोची ऐरण शेतीकामाला पुरते. पैसे कमी असतील तर रेल्वेच्या रुळाचा तुकडा चालतो, पण पावती देणाऱ्या भंगारवाल्याकडूनच घ्या. बेकायदा रूळ बाळगण्यावर १९६६ पासून वेगळा कायदा आहे. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा दीड फुटाचा तुकडा सुमारे सत्तावीस किलो भरतो. तो आडवा टाकू नका, उभा गाडा. उभा असला की सगळं वजन घावाखाली येतं.

भट्टीसाठी कंबरेच्या जरा खाली येणारा दगड-मातीचा ओटा बांधा. मधे भट्टीच्या विटांचा वीतभर रुंद, चार-पाच बोटं खोल खळगा करा. वारा आणणारी नळी दीड-दोन इंची जाड लोखंडी पाइपची ठेवा आणि खालून राख काढायला झडप ठेवा. वाऱ्याच्या तोंडावर लोखंड थेट ठेवायचं नसतं, खाली चार-पाच बोटं निखारा हवा. नाहीतर लोखंड तापण्याऐवजी त्याचे पापुद्रे सुटतात. भट्टी अर्धवट अंधारात ठेवा. लोखंडाचा लाल, नारिंगी, पिवळा रंग बघूनच घाव घालायचा असतो आणि उन्हाच्या पट्ट्यात नारिंगी लोखंडही काळंच दिसतं.

कोळसा लाकडीच घ्या, असं मी नव्या माणसाला सांगते. वेड्या बाभळीचा कोळसा आमच्या भागात मिळतो, धूर कमी, गंधक नाही, वाराही हलका लागतो. चंद्रपूर-वणीकडचा दगडी कोळसा स्वस्त दिसतो, पण तो कोक होणारा नाही आणि त्यात राख फार. भट्टीत कीट, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, साचतो आणि दर थोड्या वेळानं आग उकरावी लागते.

वाऱ्यासाठी विजेचा ब्लोअर बसवा, पण हातानं फिरवायचा पंखाही ठेवा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. शेतीपंपाच्या जोडणीवर ब्लोअर लावू नका. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली येतं आणि दंडाची आकारणी जड असते. महावितरणकडून वेगळी जोडणी घ्या.

धुराडं दहा-बारा इंच व्यासाचं करा, त्याहून बारीक केलं तर धूर माघारी येतो. ते आढ्याच्या तीन फूट वर न्या, लाकडी वाशापासून हातभर लांब ठेवा आणि पत्र्यातून जाताना भोवती पत्र्याचीच बाही करा. समोरासमोर दोन झरोके उघडे असू द्या. थंडीत दार-खिडक्या लावून भट्टीजवळ बसायचा मोह होतो, पण लाकडी कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. साळेत कुणी झोपायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

हत्यारं आणि खुणा

पहिल्या दिवशी फार काही लागत नाही. किलोभराची हातोडी, चार किलोचा घण, दोन सांडश्या, छिन्नी, भोक पाडायचा सुंबा, कानस आणि एक पायवाला व्हाईस पुरे. घणाचा दांडा बाभळीचा किंवा धामणीचा घ्या, धामण लवचिक असते आणि मनगटाला झटका कमी देते. सहा किलोचा घण दिसायला भारी, पण दिवसभर चार किलोचा घण नेमका मारणारा जास्त काम करतो. बाईमाणसानं हे मनावर घ्यावं, घणाच्या वजनावरून स्वतःला कमी समजू नये. खरं काम घण वेळेवर आणि सपाट पडण्यात असतं.

दोघांनी खुणा पाठ करा. हातोडी जिथं टेकते तिथं घण, हातोडी जितक्या जोरानं पडते त्या मानानं घण, आणि हातोडी ऐरणीच्या मोकळ्या तोंडावर दोनदा वाजली की घण थांबला. तोंडी ओरडून चालत नाही, कानात आवाज भरलेला असतो.

कपडे सुती घाला. नायलॉनची साडी ठिणगीनं वितळून कातडीला चिकटते. मी सुती लुगडं नेसते, पदर खोचते, पायात बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी सोडा, हळद, तेल, टूथपेस्ट काही लावू नका.

भंगारात दोन गोष्टी भट्टीजवळही येऊ देऊ नका. जस्ताचा मुलामा असलेला पांढरा पाइप तापला की त्याच्या धुरानं रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मोटारसायकलचा बंद शॉकअप तापवला तर तो फुटतो. घराच्या सळईच्या सांडश्या करा, पण धारेचं हत्यार करू नका, तिच्यात कार्बन कमी असतो आणि पाणी दिलं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायला गेलं, तरी धार टिकत नाही.

कोयत्या-विळ्याला गाडीचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, घ्या. त्यात अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. घडवून झाल्यावर काडीला बांधलेलं लोहचुंबक जवळ न्या. चुंबक लोखंडाला ओढेनासं झालं की ते ७७० अंशांपर्यंत पोचलं. आणखी किंचित तापवा आणि कोमट तेलात बुडवा. कमानपाट्याला पाण्यात टाकलं तर बऱ्याचदा चीर जाते. जुन्या इंजिन ऑइलचा धूर छातीत बसतो, म्हणून आम्ही करडईचं तेल वापरतो, घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात. पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. मग पातं घासून उजळ करा आणि पाठीकडून सावकाश शेक द्या. धारेकडे आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग सरकत येतो. उसाच्या कोयत्याला जांभळ्यावर थांबा. पिवळ्यावर थांबलात तर बुडख्याला दगड लागल्यावर धारेची खापलीच उडेल.

कागदांचंही बघून घ्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं पहिल्यांदा एक लाखापर्यंत, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. एका कुटुंबात एकाचीच नोंद होते. ती कुणाच्या नावानं करायची हे नवरा-बायकोनं बसून ठरवा, सवयीनं गड्याचं नाव पुढं करू नका.

पहिलं काम स्वतःच्या सांडश्यांचं घ्या, मग खुरपी, मग विळे. मृगाच्या तोंडावर कुळवाच्या फासा शेवटायला, म्हणजे झिजलेली धार ठोकून पुन्हा काढून घ्यायला, लोक रांग लावतात. त्यात रोख पैसा कमी, पण गिऱ्हाईक जोडलं जातं. कोयत्याचा हंगाम त्यानंतरचा. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूरकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूर-सांगलीच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि मुकादम एकदम सगळ्या टोळीचे कोयते मागतो. म्हणून कमानपाटे पोळ्याच्या आधीच गोळा करून, मापानं कापून गव्हाणीशेजारी रचून ठेवा. त्या दिवसांत भंगारवालाही भाव वाढवतो.