विहिरीतून झऱ्यात: सायन्स कोर्सवर डाइव्ह करायचं असेल तर

पाण्याखाली उतरून झऱ्याची मोजमापं घ्यायला शिकवणाऱ्या कोर्सच्या फॉर्मवर प्रश्न होता, पोहायला येतं का? मी बिनधास्त 'हो' लिहिलं. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या विहिरीत आबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि बारावीपर्यंत थारोळ्यावरून मुटके मारत होते. अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ट्रॉय स्प्रिंग या झऱ्यात उतरल्यावर दहा मिनिटांत कळलं की विहिरीनं शिकवलेलं निम्मं आता विसरावं लागणार. सध्या साताऱ्यात कॉलेजात शिकवते. वर्ष-दोन वर्षांतून एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, असा कोर्स करायचा तर तयारी काय करू?" दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहून काढलं.

आधी, झराच का? एम.एस्सी.ला इकॉलॉजी घेतलेल्या सगळ्यांनी फ्लोरिडातल्याच सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यांची आकृती वहीत काढलेली असते. हॉवर्ड ओडम या अमेरिकन इकॉलॉजिस्टनं १९५७ साली छापलेलं काम ते: वनस्पतींनी वर्षाला दर चौरस मीटरमागे २०,८१० किलोकॅलरी ऊर्जा बांधली, त्यातली पुढं कुणाकडं किती गेली, असा सगळा हिशेब. आम्ही तो पाठ केला, पण हा हिशेब झऱ्यातच का जमला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात तोंड घातल्यावर ते आपोआप समजतं. चुनखडीच्या भेगेतून येणारं पाणी बारा महिने साधारण २२ अंशांचं आणि काचेसारखं नितळ असतं. भेगेपाशी त्यात ऑक्सिजन बहुधा कमी असतो. दिवसा ते पाणगवतावरून वाहत खाली येईपर्यंत तो वाढलेला असतो. वर एकदा मोजा, खाली एकदा मोजा, आणि गवतानं दिवसभरात काय कमावलं ते काढा. एका तोंडानं पाणी आत, दुसऱ्यानं बाहेर, तापमान ठरलेलं. निसर्गानं मांडून ठेवलेलं प्रॅक्टिकलच म्हणा ना.

पण त्या नितळ पाण्यात एकच गढूळ गोष्ट असते, ती म्हणजे आपण. माझं काय झालं ते सांगते. स्कूबाचं, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत बुडी मारायचं, पहिलं सर्टिफिकेट मी समुद्रात काढलं होतं. त्या लॉगबुकात कमरेच्या शिशाचं वजन सात किलो लिहिलेलं, तेवढंच इथंही लावलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. माणूस, सूट आणि टाकी मिळून नव्वद-शंभर किलो धरले, तर गोड्या पाण्यात शिसं दोन-अडीच किलो कमी लागतं. हे गणित मी बी.एस्सी.च्या मुलांना सोडवून दाखवू शकले असते, पण स्वतःच्या कमरेला लावलं नाही. दगडासारखी खाली गेले, फिन (पायातलं रबरी वल्हं) तळाला लागली आणि पिठाची गोणी फुटावी तसा गाळ उठला. शेजारी माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, वीस मिनिटं एका चौकटीतल्या गोगलगायी मोजत होती. तिची चौकटच दिसेनाशी झाली. ती काही बोलू शकत नव्हती, तोंडात टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर होता. पण मास्कमागचे डोळे पुरेसे होते.

म्हणून पहिलं काम वजनाचं. पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात उभं तरंगा, बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जाकिटातली) सगळी हवा काढा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा आणि हलू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे, आणि श्वास सोडल्यावर आपण सावकाश खाली गेलं पाहिजे. ही परीक्षा टाकीत ५० बार (बार म्हणजे दाबाचं माप) उरलेले असताना घेतलेली बरी. नेहमीच्या ११ लिटरच्या टाकीत २०० बार हवा भरली की ती हवाच अडीच किलोच्या आसपास भरते, आणि डाइव्ह संपता संपता त्यातली बरीचशी गेलेली असते. म्हणजे शेवटी तुम्ही जवळजवळ दोन किलोंनी हलके होता. भरलेल्या टाकीवर वजन जुळवलं तर परतताना वर तरंगायला लागाल. मनगटावर खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये 'गोडं पाणी' निवडायलाही विसरू नका.

दुसरं काम श्वासाचं, आणि विहिरीत पोहणाऱ्यांची खरी खोड इथंच निघते. आपण बुडी मारताना श्वास कोंडून धरतो. स्कूबात श्वास कोंडायचा नाही, कधीच नाही. वजनाची परीक्षा पाण्याच्या पृष्ठभागावर असते म्हणून ती वेगळी. गोड्या पाण्यात साधारण १०.३ मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथं भरून घेतलेली छाती तशीच कोंडून वर आलात, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. श्वास लांब आणि संथ चालू ठेवायचा. श्वास घेतला की लगेच वर जात नाही, एक-दोन सेकंदांनी उचललं जातं. नवखी माणसं तेवढा धीर धरत नाहीत, बीसीडीचं बटण दाबतात आणि फुग्यासारखी वर जातात.

याचा सराव घरी बादलीवर होतो. हसू नका. मोठी बादली भरा, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची वाकडी नळी) धरा, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवा आणि नाक उघडं ठेवून फक्त तोंडानं पाच मिनिटं श्वास घ्या. पहिल्या दिवशी तिसऱ्या श्वासाला ठसका लागेल. आठवडाभरात नाक गप्प बसायला शिकतं. पुढं खोलवर मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरायला होत नाही. आमच्या आईला वाटलं मी वाफ घ्यायची कसली तरी नवी पद्धत शोधलीय. बादली कुणीतरी घरात असताना करा, आणि रेग्युलेटर-टाकी घेऊन आपलं आपण विहिरीत उतरायचा विचारही करू नका.

तिसरं, हात. विहिरीत आपण हातानं पाणी मारतो. झऱ्यात हात छातीशी किंवा पोटाशी बांधायचे. पायही वर-खाली मारायचे नाहीत, त्यानं पाणी तळाकडं ढकललं जातं. गुडघे वाकवून, तळवे बाहेर वळवून बेडकासारखं मागं ढकलायचं आणि मग घसरत जायचं. जलतरण तलावावर कठड्याला धरून हे रोज शंभर वेळा करा. शेजारचे काका सल्ला देतील, "अगं, पाय सरळ मार!" मान डोलवायची आणि आपलं चालू ठेवायचं.

आता मोजमापाचं सामान. चौकट विकत घ्यायची गरज नाही. लाइट फिटिंगवाल्याकडून पाऊण इंची पीव्हीसी पाईप आणि चार एल्बो आणा, अर्ध्या मीटरची चौकट जोडा. पाईपला ड्रिलनं जागोजागी भोकं पाडा, नाहीतर आत हवा राहते आणि चौकट तरंगत बसते. आधी कॉलेजच्या मैदानात गवतावर टाकून मोजायची सवय करा. जे जमिनीवर तीन मिनिटांत होत नाही ते पाण्याखाली दहा मिनिटांतही होत नाही. लिहायला प्लॅस्टिकची पाटी आणि साधी मऊ पेन्सिल, दोरीनं बांधलेली. पेन्सिली दोन ठेवा. कोष्टक घरीच आखून न्या, आणि परत आल्यावर आकडे वहीत उतरवल्याशिवाय पाटी घासू नका. भांड्याच्या पावडरीनं आणि काथ्यानं ती लख्ख निघते, त्यातच एका पोरीचा सकाळचा सगळा डेटा गेला होता.

ऑक्सिजनसाठी पाणी घ्यायचं तर मोठी सिरिंज सोपी पडते. ती आपल्या तोंडाच्या खाली आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरा, म्हणजे आपण सोडलेले बुडबुडे नमुन्यात येत नाहीत. दट्ट्या हळू ओढा. आत एक जरी बुडबुडा दिसला तर ते पाणी सोडून पुन्हा भरा. काठावर आल्यावर पुढं तेच ऑक्सिजन मोजायचं विंकलर टायट्रेशन, आपल्या लॅबमध्ये करतो ते.

नितळ पाणी फसवतंही. मास्कमधून वस्तू पाव भागानं जवळ दिसते. ट्रॉयच्या ओढ्यात मॅडिसन नावाच्या आगबोटीच्या बरगड्या पडल्या आहेत. ही बोट १८६३ साली, तिकडच्या यादवी युद्धात मुद्दाम बुडवलेली. मी काठावरून त्या बरगड्यांकडं हात लांबवला होता, इतक्या जवळ वाटल्या. झऱ्याचं कुंड त्याहून किती तरी खोल, साधारण २१ मीटर, आणि पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटरची. तेव्हा डोळ्यांवर नाही, मनगटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवा. आणि भेगेच्या आत डोकावायचं नाही. फ्लोरिडातल्या कित्येक पाणगुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र काढलेली पाटी असते: पुढं जाऊ नका. गुहेचं प्रशिक्षण वेगळं असतं, त्यात हवेचे तीन भाग करतात, एक जायला, एक यायला, एक राखून. पोहायला चांगलं येतं म्हणून तिथं कुणी वाचत नाही.

थंडीचं थोडक्यात: २२ अंश ऐकायला गुलाबी वाटतात, पण चाळीस मिनिटांनी बोटं पेन्सिल धरत नाहीत. पाच मिलिमीटरचा सूट घाला. सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसून नोंदी घ्या, कान फुटण्यापेक्षा ते बरं. चष्मा असेल तर नंबरची काच असलेला मास्क आधीच करून घ्या.

पहिलं सर्टिफिकेट साताऱ्याहून जवळ म्हणजे तारकर्ली-मालवणला काढता येतं, एमटीडीसीची संस्था तिथं आहे. पर्यटकांना पाण्यात धरून फिरवून आणतात ते वेगळं, त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही. पूर्ण ओपन वॉटर कोर्सच मागा, पहिलं सर्टिफिकेट त्याचंच असतं. त्यात २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं असतं, विहिरीवाल्यांना ते हसत जमतं. अमेरिकेत पुढं पूर्ण सायंटिफिक डायव्हर व्हायचं असेल तर किमान शंभर तासांचं प्रशिक्षण आणि बारा डाइव्ह लागतात. माझा कोर्स त्याच्या अलीकडचा, छोटा होता.

आणि एक आपल्याकडचीच अडचण. सातारा साधारण ७०० मीटर उंचीवर आहे. डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत उंचीवर गेलं, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी शिफारस आहे ती एका डाइव्हनंतर १२ तास आणि रोज डाइव्ह करत असाल तर १८ तास थांबायची. ६०० मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही मी तीच लावते. कोर्स संपला की दुपारची गाडी पकडून फोंडा किंवा आंबोली घाट चढायची घाई सगळ्यांना असते. ती रात्र मालवणात काढा, सुरमईचं ताट मागवा, लॉगबुक भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.