कयाक चालवताना हात नाही, कंबर फिरवा

समुद्रकिनारी गरम हवेत व्यायाम म्हणून कयाकिंग (अरुंद, हलकी होडी बसून वल्हवणं) नाहीतर स्टँड-अप पॅडल (रुंद बोर्डवर उभं राहून वल्हवणं) सुरू करणार असाल तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा, वल्हं नुसतं हाताने ओढू नका. हाताने ओढलं की खांदे आणि दंड लगेच भरून येतात आणि फायदा अर्धाच मिळतो. कयाकमध्ये पाय समोर नीट टेकवायचे, पाठ सरळ, वल्हं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि कंबरेपासून धड फिरवत ओढायचं, कमरेपर्यंत आलं की बाहेर काढा. यात पोट, पाठ, पाय सगळं कामाला लागतं आणि दमही वाढतो. पॅडल बोर्डवर तर नुसतं उभं राहायलाच घोटे आणि पोटाचे स्नायू सतत काम करत असतात, त्यामुळे तोल चांगलाच सुधारतो.

गुडघे दुखत असतील त्यांनी छातीभर शांत पाण्यात चालावं, खरंच खूप छान व्यायाम आहे, कारण पाणी वजन उचलून धरतं आणि जितकं जोरात चालाल तितका विरोधही वाढतो.

आणि प्लीज पाणी पीत राहा! अंग ओलं असल्याने घाम येतोय हे कळतच नाही, पण येत असतो. शक्यतो सकाळी लवकर जा, १० ते ४ चं ऊन टाळा, सनस्क्रीन दर २ तासांनी परत लावा, लाइफ जॅकेट तर पोहता येत असलं तरी हवंच. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे जोरात वाहत असेल तर त्या दिवशी बोर्ड काढूच नका, परत येणं फार जड जातं.