डबिंग: वाटतं त्याच्या निम्मं घ्या

इंग्लंडमध्ये, डर्बीशरमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात मी माशा बांधायला बसलो. फोनवर सांगितलं तर आईला वाटलं, पोरगं घरमाशा पकडतंय. या माशा म्हणजे गळावर केस, पिसं, तार गुंडाळून केलेले खोटे किडे. ट्राउट मासा फसावा म्हणून.

बरेच जण ‘हेअर्स इअर’ या निम्फपासून, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लाच्या नकलेपासून, सुरुवात करतात, मीही केली. रानसशाच्या तोंडावरचे आणि कानांवरचे केस दोऱ्यावर वळून किड्याचं अंग करायचं, हे डबिंग. त्यावर सोनेरी तारेचे वेढे, हे रिबिंग. माझ्या पहिल्या दहा माशा सुरवंटासारख्या झाल्या.

घोटाळा चिमटीत होता. वाटतात त्याच्या निम्मे केस घ्या, मग त्यातलेही निम्मे परत ठेवा. केस दोऱ्यावर इतके विरळ हवेत की आतला दोरा दिसत राहील. आणि वळायचं एकाच दिशेने. मी बोटं मागेपुढे करायचो, त्यामुळे वळलेलं लगेच उलगडायचं. एकदा वळा, चिमूट सोडा, पुन्हा धरा. आजी वाती वळताना बोटांना राख लावायची. इथे दोऱ्याला मेण लावतात, तेही फक्त पुसल्यासारखं. जास्त झालं की केस बोटांनाच चिकटतात.

शेपटीकडे विरळ, छातीकडे दाट, असं वळत गेलात तर अंगाला निमुळता आकार आपोआप येतो. गळाच्या नेढ्यामागे मात्र जागा सोडा. डोकं बांधायला जागाच न उरणं, हा प्रत्येक नवशिक्याचा रोग आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीसाठी तळची मऊ लव वापरा. निम्फला राठ केस हवेतच, तेच पाय वाटतात.

तार डबिंगच्या आधी बांधायची, गळाच्या दांड्याच्या पूर्ण लांबीवर, म्हणजे मध्येच गाठ येत नाही. मग केस ज्या दिशेने गुंडाळले त्याच्या उलट दिशेने पाच-सहा वेढे. त्याच दिशेने गुंडाळली तर तार केसांच्या वेढ्यांमध्ये रुतून दिसेनाशी होते. उलट गेली की प्रत्येक वेढ्याला आडवी जाऊन केस दाबून धरते. ट्राउटच्या दातांपुढे हाच आधार. उरलेली तार मागेपुढे हलवून तोडा. मी ती चांगल्या कात्रीने कापली आणि कात्रीचं टोक घालवून बसलो.

विल्टशरच्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने तर त्याच्या ‘फेझंट टेल’ निम्फमध्ये दोराच वापरला नाही. नुसती तांब्याची तार: तीच बांधणार, तीच वजन देणार. पण ते नंतर करा, तार हातात बसल्यावर.

शेवटी वेल्क्रोच्या तुकड्याने छातीवरचे केस ओढून विस्कटायचे. मला हे करवत नसे. एवढं नीट बांधलेलं का बिघडवायचं? मग एप्रिलमध्ये वाय नदीवर पहिला मासा लागला, माझ्या डबीतल्या सर्वांत पिंजारलेल्या माशीला. तिच्यावर वेल्क्रो फिरवलेलाच नव्हता, ती माझ्याच्याने नीट झाली नव्हती.