एच पायलोरीची श्वासाची टेस्ट देताय? मग या चुका टाळा

पोटात सूज आणि जखम (अल्सर) करणारा एच पायलोरी जंतू शोधायला आता दरवेळी दुर्बीण घालावी लागत नाही, पिशवीत फुंकलं की काम होतं. हे आता जत-तासगावपासून विट्यापर्यंत लोकांना कळलंय आणि चांगलंच झालं. पण "नुसतं फुंकायचंच तर आहे" म्हणत लोक कशीही तयारी करून येतात आणि मग चुकीचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर बदलत फिरतात. सांगलीत लॅबमध्ये सॅम्पल घेताना हे रोज बघतोय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी बंद न करता येणं. या जंतूकडं युरिएज नावाचं एन्झाइम असतं, त्यानं तो युरिया फोडतो. टेस्टमध्ये आपण खूण केलेल्या कार्बनचा युरिया पाजतो, जंतू असला तर युरिया फुटतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड रक्तातनं फुप्फुसात आणि तिथनं तुमच्या फुंकरीत येतो, तोच आम्ही मोजतो. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या चालू असल्या की जंतू मरत नाही, नुसता दबून बसतो, आणि रिपोर्ट येतो निगेटिव्ह. म्हणून या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथचं औषध ४ आठवडे बंद पाहिजे.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका दुसरीकडं केलेल्या टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन आले होते. पोट रात्री दुखायचं थांबत नव्हतं, सोनोग्राफी झाली, जेवणातलं तिखट बंद झालं, तरी तेच. मी विचारलं, काका, गोळ्या काय चालू आहेत? "बीपीची एक, बाकी काय नाय." बरोबर सूनबाई होत्या, त्यांना म्हटलं वहिनी, औषधांची पिशवी दाखवा बघू. पिशवीतनं बीपीच्या पाकिटाखाली पॅन्टोप्रॅझोलची अर्धी संपलेली स्ट्रिप निघाली. ही कुणाची? तर काका म्हणाले, "माझीच की, पण ते औषध न्हवं, गॅसची गोळी हाय, मेडिकलातनं आणतोय, रोज चहाच्या आधी." पहिल्या टेस्टच्या दिवशीसुद्धा घेऊनच गेले होते! डॉक्टरांना विचारून गोळी २ आठवडे बंद ठेवली, परत टेस्ट केली, पॉझिटिव्ह. मधले कितीतरी महिने फुकट गेले आणि माणूस उगाच मिळमिळीत खात बसला.

तेव्हापासून मी "औषध चालू आहे का" असं विचारतच नाही. विचारतो, सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तोंडात काय टाकता? आणि पिशवी घेऊनच या म्हणून फोनवर सांगतो. नवीन पोरं फॉर्मवर टिक करून मोकळी होतात, त्यांना हे पटतच नाही, पेशंट खोळंबलेत म्हणतात. खोळंबू देत.

मात्र गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघ्यासाठी रोज पेनकिलर चालू असेल तर ती गोळी पोटाला वाचवायला दिलेली असू शकते, डॉक्टरांना विचारूनच थांबवा. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं का तेही त्यांनाच विचारून ठेवा, म्हणजे आठव्या दिवशी कळवळून परत तीच गोळी घ्यायची वेळ येणार नाही.

उपाशी म्हणजे उपाशी. किमान ६ तास, चहा नाही, तंबाखू नाही, सिगरेट नाही. "बिनदुधाचा चहा चालतो का" हा प्रश्न रोज येतो. नाही चालत.

कॅप्सूलवाली टेस्ट असेल तर कॅप्सूल चावायची नाही, अख्खी गिळायची, कारण तोंडातल्या काही जंतूंकडंही युरिएज असतं आणि ते तोंडातच युरिया फोडून खोटा पॉझिटिव्ह देतात. आणि किट कार्बन १३ चं आहे की १४ चं ते विचारा. १४ मध्ये अगदी थोडं रेडिएशन असतं, म्हणून गरोदर बाई आणि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत, १३ मध्ये रेडिएशनचा विषयच नाही.

फुंकताना श्वास भरून क्षणभर रोखायचा आणि मग शेवटपर्यंत सोडायचा, आम्हाला फुप्फुसाच्या तळातली हवा पाहिजे असते. पिशवीतनं उलटा श्वास ओढू नका. टेक्निशियन मंडळींनी युरिया पाजायच्या आधीच्या आणि नंतरच्या पिशवीवर नाव-वेळ फुंकायच्या आधीच लिहावी, दोन्ही आकड्यांतला फरकच तर रिपोर्ट आहे.

श्वासाची टेस्ट जमत नसेल तर संडासची अँटिजेन टेस्ट चांगली आहे, गोळ्या बंद ठेवायचा नियम तिलाही तोच. फक्त लघवी-पाणी मिसळू देऊ नका, आणि मे महिन्यात जतवरनं एसटीत डबी मांडीवर घेऊन येऊ नका, बर्फाच्या पॅकबरोबर आणा. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट स्वस्त पडते म्हणून करून घेणाऱ्यांवर मात्र मला खरंच राग येतो, जंतू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, मग त्या रिपोर्टवर बरा झालेला माणूस परत अँटिबायोटिक खातो.

तिखटानंच अल्सर होतो म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली, त्यांना आणि रॉबिन वॉरनना २००५ चं नोबेल या जंतूच्या कामासाठीच मिळालंय.

काळी डांबरासारखी संडास, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, रक्त कमी असणं, यातलं काही असेल तर दुर्बीण टाळायला श्वासाची टेस्ट करू नका. ती फक्त जंतू सांगते, जखम किंवा गाठ तिला दिसत नाही. मिरजेला जा आणि दुर्बीणच करून घ्या.

आणि कोर्स संपल्या संपल्या "गेला का बघू" म्हणून धावत येऊ नका. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान ४ आठवडे थांबा, त्यातले शेवटचे २ आठवडे गॅसच्या गोळीशिवाय, आणि मग उपाशीपोटी सकाळी लवकर या.