अलाइनमेंट करूनही टायर आतून खाल्ले जातायत? या चुका टाळा

परवा भर दुपारी एक काका आले. गाडी चालूच, काच खाली करून पहिलाच प्रश्न, "अलाइनमेंटचे किती घेता?" मी म्हटलं काका, गाडीला होतंय काय ते तर सांगा. म्हणाले डावीकडे ओढतेय, पटकन करून द्या, वाईला लग्नाला पोचायचंय. हवा बघितली तर पुढच्या डाव्या चाकात २२ पीएसआय आणि उजव्यात ३४. पंक्चर होतं बारीकसं. काढलं, हवा सारखी केली, हायवेला एक चक्कर मारून आणायला सांगितली, गाडी सरळ. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून बसवणं, केलंच नाही आम्ही, गरजच नव्हती.

साताऱ्याजवळ हायवेला दादाचं टायरचं दुकान आहे, कौंटर आणि हिशोब मी बघते, अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत बघतेय की लोक रेट चार ठिकाणी विचारतात, पण काम काय होणार आहे हे एका ठिकाणीही विचारत नाहीत. आणि मग सहा महिन्यांनी नवे टायर आतून गुळगुळीत झाले की येतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत खरंच. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मशीनवर हिरवं आलं म्हणजे गाडी बरी झाली असं समजणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. दुकानात यायच्या आधी मी पुण्यात नोकरीला होते, जुनी वॅगनआर घेतलेली. पुढचे दोन टायर नवे टाकले आणि सहा हजार किलोमीटरात दोन्ही आतल्या कडेने खाल्ले गेले, बाहेरून बघितलं तर नवेकोरे दिसायचे, आत हात घातला की तारा लागायच्या बोटाला. त्या सहा हजारांत मी तीन वेळा अलाइनमेंट केलं होतं, एकाच दुकानात, तिन्ही वेळा हिरव्या, म्हणजे कंपनीच्या रेंजमधल्या, आकड्यांचा कागद हातात. चौथ्यांदा गेले तर म्हणाले मॅडम टायरची क्वालिटी खराब आहे.

दिवाळीला गावी आले तेव्हा दादाने गाडी लिफ्टवर घेतली. टॉमी (लोखंडी पहार) लावली लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशपाशी, म्हणजे रबरी सांध्यापाशी, आणि नुसता जोर दिला, तर आर्म बोटभर पुढेमागे हलला. बुशचं रबर पूर्ण फाटलेलं, आतली लोखंडी नळी सुटी फिरत होती. दोन्ही बाजूंना. मला म्हणाला, मशीनवर गाडी उभी असते तेव्हा आर्म आपल्या जागेवर बसलेला असतो, म्हणून आकडे बरोबर येतात. पण तू रस्त्यावर ब्रेक मारतेस तेव्हा चाक मागे सरकतं आणि टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो, दर ब्रेकला बदलतो. मशीनने खोटं सांगितलं नाही, मशीनला दिसलंच नाही.

दोन्ही लोअर आर्म बदलायला तेव्हा मजुरीसकट अडीच हजार लागले. तीन वेळच्या अलाइनमेंटचे पैसे आणि दोन टायरचे सहा हजार त्याआधीच गेले होते.

तेव्हापासून माझी सवय एकच, मशीनवर चढवायच्या आधी गाडी वर उचलायला लावायची. चाक वर-खाली धरून हलवायचं, मग डावं-उजवं धरून हलवायचं. डावं-उजवं हलवताना खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) बघा, वर-खाली हलवताना जाणवला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) किंवा बेअरिंग. बुश टॉमीने. याला पाच मिनिटं लागतात, आणि जो दुकानदार ही पाच मिनिटं द्यायला कंटाळतो त्याच्याकडे मी तरी गाडी देणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो. अलाइनमेंट म्हणजे चांगल्या स्थितीतले पार्ट योग्य कोनात बसवणं, गेलेला पार्ट त्याने दुरुस्त होत नाही.

स्टिअरिंग थरथरतं म्हणून अलाइनमेंट मागणं

८०-९०च्या स्पीडला स्टिअरिंग हातात थरथरतं आणि स्पीड वाढवला-कमी केला की थांबतं, हे बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायचं, काम असतं. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरतं तर आधी ब्रेकची डिस्क बघा. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला जाते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं किंवा टायर विचित्र झिजतो. आणि झीज कशी वाचायची तेही सांगते, फक्त मध्ये झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, एकाच कडेला झिजला तर टो किंवा कॅम्बर (हे कोन पुढे समजावलेत). तळहात टायरवरून आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. खड्डे-खड्डे असल्यासारखा झिजला असेल तर शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) नाहीतर बॅलन्सिंग.

कॅम्बर "आउट" आहे असं ऐकून घाबरणं

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण याच्यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात.

आधी हे समजून घ्या. मशीनवर तीन मुख्य आकडे येतात. टो म्हणजे गाडीकडे वरून बघितलं तर चाकं पुढून आत वळलीयत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरून आत झुकलंय की बाहेर. कॅस्टर म्हणजे बाजूने बघितलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं ती किती मागे कललीय, त्यामुळे वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनीने फक्त पुढच्या टोची ॲडजस्टमेंट दिलेली असते. कॅम्बर आणि कॅस्टर मशीन दाखवतं, पण फिरवायला तिथे काही नसतं. मागे तर स्विफ्ट, बलेनो, आय२०, टियागो यांना आख्खा बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा लोखंडी भाग) असतो, तिथे काहीच फिरत नाही.

मग दुकानदार कॅम्बर कसा "काढतो"? हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअब नाहीतर नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) चक्क वाकवतात. दोन वर्षांपूर्वी मेढ्याकडचे एक सर गाडी घेऊन आले, दुसऱ्या शहरात एका दुकानात त्यांच्याकडून दोन्ही बाजूंचा कॅम्बर काढायचे अठराशे घेतले होते आणि त्या दिवसापासून गाडी उजवीकडे ओढायला लागली. नशिबाने आधीचा कागद त्यांनी ठेवला होता. दादाने तो बघितला तर कॅम्बर दोन्ही बाजूंना कंपनीच्या रेंजमध्येच होता, उजवा जरा काठावर, एवढंच. डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या होत्या त्या दिवशी, सरांनीच सांगितलं, आणि हवा कुणी बघितली नव्हती. म्हणजे सामानाने गाडी कललेली, कदाचित हवा कमीजास्त, तशाच अवस्थेत माप घेतलं आणि त्या मापावर चांगला शॉकअब वाकवला. शेवटी पुढचे दोन्ही शॉकअब बदलावे लागले. सर शिक्षक होते, शांतपणे पैसे दिले, पण मला बिल बनवताना हात जड झाला.

म्हणून कॅम्बर बाहेर आहे असं कुणी म्हटलं तर विचारा, का बाहेर आहे? चाक कुठेतरी जोरात आदळलंय का, लोअर आर्म वाकलाय का, स्प्रिंग बसलीय का, शॉकअबचं वरचं माउंट गेलंय का. कारण सापडलं की तो पार्ट बदलायचा. काही गाड्यांत शॉकअब आणि नकलच्या दोन बोल्टमध्ये थोडी जागा असते, ते ढिले करून किंचित फरक काढता येतो, ते ठीक आहे. इनोव्हा क्रिस्टासारख्या गाडीला पुढे ॲडजस्टमेंट कंपनीनेच दिलेली असते, तिथे कॅम्बर सेट करणं हे रीतसर काम आहे आणि त्याचे जास्त पैसे लागणंही बरोबर आहे. पण लोखंड वाकवणं नाही. आमच्या दुकानात कॅम्बर वाकवायचा तो जॅक नाही आणि येणारही नाही.

घाई

रविवारी सकाळी अकरा वाजता येऊन "दहा मिनिटांत द्या" म्हणणारे असतात. दहा मिनिटांत होतं तसं, फक्त सेन्सर लावून टो फिरवून द्यायचा. नीट करायचं तर हवा मारायची, डिकी रिकामी करायची, चाकं फिरत्या प्लेटवर घ्यायची, गाडी दोन-तीनदा दाबून बसवायची, पुढेमागे ढकलून मशीनला चाकाचा वाक ओळखू द्यायचा, ब्रेक दांडी लावून दाबून ठेवायचा, स्टिअरिंग सरळ धरून लॉक करायचं. मग टाय रॉडचं लॉक नट ढिलं करायचं, आणि इथे एक गोष्ट उभं राहून बघाच. रॉड फिरवायच्या आधी त्याच्यावरच्या रबरी बूटची (आवरणाची) क्लिप सोडली का. ती न सोडता रॉड फिरवला की बूट पिळवटतो, टॉवेल पिळल्यासारखा, पुढे चिरतो, धूळ-पाणी आत जातं आणि स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) खराब होतो. रॅक म्हणजे हजारोंचं काम. आमच्या दुकानात काम करणारा मुलगा क्लिप सोडून बुटाला आतून थोडं ग्रीस लावतो, मग फिरवतो, नट घट्ट केल्यावर आकडा परत बघतो कारण नट आवळताना आकडा सरकतो.

अर्धा-पाऊण तास धरून चला.

आणि दोन्ही बाजूंचे रॉड हिशोबाने फिरवले नाहीत तर टो बरोबर येतो पण स्टिअरिंग वाकडं राहतं. त्यावर काही जण स्टिअरिंग व्हीलच काढून एक दाता फिरवून बसवतात. हे करू देऊ नका, एअरबॅगची वायरिंग त्याच्या मागेच असते. ईएसपीवाल्या (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम असलेल्या) गाडीत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर असतो, काम झाल्यावर तो स्कॅनर लावून झिरो करायला लागू शकतो, तशी सोय आहे का आधी विचारून घ्या.

बाकीच्या चुका पटापट

आधी अलाइनमेंट आणि मग टायर रोटेशन (चाकांच्या जागा आपसांत बदलणं), हा उलटा क्रम. आधी रोटेशन, मग बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट.

गाडी ओढते का ते रस्त्याच्या डाव्या कडेने चालवून ठरवणं. पाणी वाहून जायला रस्ता कडेला उतरता असतो, गाडी डावीकडे थोडी जाणारच. सपाट जागा बघा, वारा मंद असताना बघा.

ओढण्याचं कारण टायरच असू शकतो. पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा, ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ते असे बदलू नका.

प्रत्येक पंक्चरनंतर अलाइनमेंट लागत नाही. टाय रॉड एंड, लोअर आर्म, शॉकअब बदलला तर लागतंच.

नायट्रोजन भरल्याने अलाइनमेंट टिकतं असं सांगतात, काही संबंध नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, दर पंधरा दिवसांनी प्रेशर बघा म्हणजे झालं.

आता पैशांचं

आमच्या भागात छोट्या गाडीचं थ्रीडी मशीनवर अलाइनमेंट साधारण ३५० ते ६०० रुपयांत होतं, सेडानला थोडं जास्त, मोठ्या एसयूव्हीला ८०० ते १२००. पुण्या-मुंबईत याच्या वर जाऊ शकतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जास्त असतं आणि वर १८ टक्के जीएसटी. बॅलन्सिंग वेगळं, चाकामागे शंभराच्या आसपास, आणि वजनांचे पैसे धरलेत की ग्रॅमवर वेगळे लावणार हे आधी विचारा, कारण बिल तिथेच फुगतं. लोखंडी रिमला क्लिपची वजनं लागतात, अलॉयला आतून चिकटवायची, ती थोडी महाग.

"चारही चाकांचं अलाइनमेंट" म्हणून जास्त सांगत असतील तर मागे नक्की काय फिरवणार ते दाखवायला सांगा. चारही चाकांना सेन्सर लावणं बरोबरच आहे, मागचा बीम वाकडा बसलाय का ते त्यातून कळतं. पण बीमवाल्या गाडीत मागे फिरवण्याचे पैसे कसले? एक्सयूव्ही७०० सारख्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीचं वेगळं, तिथे खरंच काम असतं.

आणि दीडशे रुपयांत अलाइनमेंट म्हणून बोर्ड दिसला तर तिकडे पळू नका. त्या दरात गाडी लिफ्टवर घेऊन कुणी बुश बघणार नाही, आणि पुढच्या वाक्यात "मॅडम, कॅम्बर आउट आहे" येतंच.

कागद मात्र दर वेळी घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला. आकडे तुमच्याच मॉडेलचे निवडलेत का ते वर नाव वाचून बघा, चुकीचं मॉडेल निवडलेलं मी कितीदा पकडलंय. कागदावर पेनाने किलोमीटर लिहा आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवा. माझ्या आत्ताच्या गाडीचे असे सात कागद आहेत. उजव्या पुढच्या चाकाचा कॅम्बर गेल्या तीन कागदांत दर वेळी थोडा-थोडा सरकलाय, अजून रेंजमध्ये आहे, तरी पुढच्या रविवारी दुकान बंद झाल्यावर दादाला शॉकअबचं वरचं माउंट उघडून बघायला सांगितलंय.