इंजिनिअरिंगनंतर पशुवैद्यकीय: कुपवाड ते शिरवळ

मी मूळची आटपाडीकडची. सांगलीत मेकॅनिकल केलं, कुपवाड एमआयडीसीत नोकरी धरली. २०२२ च्या जनावरांच्या लम्पी साथीत आमच्या खिल्लार गाईच्या अंगभर गाठी उठल्या. डॉक्टर येईपर्यंत आई आणि मी रात्रभर तिच्यापाशी बसून होतो. गाय वाचली, आणि मी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं. आता शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते आहे.

डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगला थेट दुसरं वर्ष मिळतं, तशी सोय इथे नाही. प्रवेशाला आपली बीई मोजलीच जात नाही. बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मोजतात. खुल्या प्रवर्गाला त्यांत मिळून किमान ५० टक्के लागतात. मी गणिताबरोबर जीवशास्त्रही ठेवलं होतं म्हणून निभावलं. ज्यांनी ते सोडलं, त्यांना बोर्डाकडे 'तुरळक विषय' म्हणून तेवढाच पेपर देता येतो. पण तो प्रवेशाला चालेल का, हे माफसूला, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला, लेखी विचारा आणि मगच क्लासची फी भरा. वयाची अटही त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा, कारण आपली चार वर्षं अगोदरच गेलेली असतात.

नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. आपल्याला सगळं सूत्रावरून काढायची सवय. इथे एनसीईआरटीची ओळन् ओळ पाठ लागते. मला ते पचायला सहा महिने लागले.

निकालानंतर नागपूरच्या माफसूकडे वेगळा अर्ज करायचा असतो. माझ्याबरोबर अभ्यास करणाऱ्या एकीला राज्याच्या सीईटी सेलचा मेडिकल प्रवेशाचा फॉर्म भरला म्हणजे झालं असं वाटलं. तिचं वर्ष गेलं. इंजिनिअरिंग कॉलेजचा सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्रही आधीच काढून ठेवा.

आणि राजीनामा देण्याआधी पंधरा दिवस तरी तालुक्याच्या डॉक्टरांबरोबर फिरा. रात्री दोनला अडलेली म्हैस सोडवताना डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत असतो आणि बचत गटाचं कर्ज काढून ती म्हैस घेतलेली बाई कंदील नाहीतर मोबाइलचा उजेड धरून उभी असते. पुढची साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, अशाच कामासाठी द्यायची आहेत.

इंजिनिअरिंग वाया जात नाही. दूध काढायच्या यंत्रातला निर्वात दाब जास्त झाला की सडांच्या टोकाला इजा होते आणि कासदाहाला वाट मिळते, हे वर्गात ऐकलं तेव्हा मला सगळं यंत्र डोळ्यांपुढे दिसलं. गेल्या सुट्टीत शेजारच्या काकांच्या गोठ्यात गेज बघितला, तर काटा बराच वर होता. दाब उतरवून दिला. एका गाईचे सड मात्र तोवर सुजले होते. तिला औषध द्यायचा अधिकार मला अजून नाही, म्हणून तालुक्याहून डॉक्टरांना बोलावलं आणि ते येईपर्यंत काकूंबरोबर तिची कास शेकत बसले.